डायरीतलं पान पुरत नाही : माझ्या मृत्युपत्राचे अकरा महिने

जानेवारी २०२३ मध्ये माझ्या बरोबरीची एक सिस्टर गेली. आम्ही दोघींनी अमरावती जिल्ह्यात परिचारिका म्हणून सोबत नोकरी केली, एकाच मोटारसायकलवर मागे बसून लसीकरणाच्या पेट्या नेल्या. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. निवृत्तीचे पैसे तिने जपून ठेवले होते. "हे सगळं महारोग्यांच्या कामाला द्यायचं," असं ती मला किमान दहा वेळा म्हणाली असेल. तेरवीनंतर तिच्या डायरीत तसं एक पानही सापडलं. खाली तिची सही, तारीख, सगळं होतं. साक्षीदार मात्र एकही नव्हता.

त्या पानाचा काहीच उपयोग झाला नाही. पैसे तिच्या नवऱ्याच्या भावांच्या मुलांना गेले. त्यांनी काही वावगं केलं नाही, कायद्याने ते त्यांचेच होते. पण तिची इच्छा त्या पानावरच राहिली, आणि मला कितीतरी रात्री झोप आली नाही. कारण माझी परिस्थिती तिच्याहून वेगळी नव्हती. मी ६४ वर्षांची. यजमान २०११ मध्ये गेले. मूल नाही. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तीन एकर कोरडवाहू वावर, गावात घर, बँकेत आणि पोस्टात ठेवी, दोन पाटल्या. आणि माझ्याकडे तर डायरीतलं पानही नव्हतं.

१४ डिसेंबर २०२३ ला माझं मृत्युपत्र नोंदवून झालं. मधल्या अकरा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे. आमच्याकडे गाडगेबाबांपासून तुकडोजी महाराजांपर्यंत देण्याचे संस्कार भरपूर आहेत, पण देणं कागदावर कसं उतरवायचं हे सांगणारं माणूस मला गावात कुणी भेटलं नाही.

फेब्रुवारीत मी फक्त यादी केली. हे काम सोपं वाटतं, पण मला तीन आठवडे लागले. सातबारा ऑनलाइन काढला, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर वावर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि भोगवटादार वर्ग-१ आहे हे पाहून घेतलं. वर्ग-२ असतं तर हस्तांतरणाला सरकारी परवानगीची अट आली असती. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढला. पुढे वकिलांनी सांगितलं की नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. यजमानांच्या भावासोबत झालेल्या वाटणीचा जुना कागद शोधा. तो कागद धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्याच दिवशी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

ठेवींची यादी करताना मी बँकेत विचारलं, "नॉमिनी म्हणून एखाद्या संस्थेचं नाव टाकता येईल का?" टेबलावरच्या मुलीने नियम पाहिला आणि सांगितलं, नाही, नॉमिनी व्यक्तीच असावी लागते. मग माझ्या मनात आलं, भाचीचं नाव टाकून तिला तोंडी सांगून ठेवू की इतके पैसे अमुक संस्थेला दे. बरं झालं, तसं केलं नाही. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा माणूस. ते पैसे शेवटी कुणाचे, हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरतं. भाचीने पैसे घेऊन दिले असते आणि उद्या कुणी वारस उभा राहिला असता, तर तिच्या हातात दाखवायला काही नसतं. आता नॉमिनी तीच आहे, पण मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं आहे की तिने ती रक्कम घेऊन मृत्युपत्राप्रमाणे वाटायची.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा वकिलांकडे गेले. तालुक्याच्या कोर्टासमोर बसणारे, दिवाणी कामं करणारे. मी म्हटलं, "मला दानपत्र करायचं आहे." त्यांनी विचारलं, "आत्ता द्यायचं आहे की नंतर?" मी गोंधळले. आमच्या भागात दानपत्र म्हटलं की जुन्या लोकांना विनोबांचं भूदान आठवतं, माझ्या सासऱ्यांच्या तोंडी तोच शब्द होता. वकिलांनी फरक समजावला. दानपत्र, म्हणजे बक्षीसपत्र, केलं की वस्तू लगेच हातातून जाते आणि ते सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्राने मरेपर्यंत काहीच जात नाही, आणि शुद्धीत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं. माझं म्हातारपण याच ठेवींवर जायचं आहे. त्यामुळे प्रश्न तिथेच सुटला.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे, नवरा आणि मूलबाळ मागे नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे. मी विचारलं, "आणि माझ्या पगारातून साठवलेलं?" म्हणाले, "तेही नवऱ्याच्या वारसांकडे." छत्तीस वर्षं मी नोकरी केली. पावसात नाले ओलांडले, रात्री-बेरात्री बाळंतपणं केली. माझ्या बहिणीला, भाचीला त्यातलं कायद्याने काहीच आलं नसतं. मला पुतण्याचा राग नाही, तो माझ्या पोटच्या मुलासारखा आहे. पण कुणाला काय द्यायचं हे मी ठरवायचं की मी न लिहिल्यामुळे आपोआप ठरायचं? ज्या बायका एकट्या आहेत त्यांनी एवढं एक कलम तरी कुणाकडून तरी समजून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. लिहून ठेवलं तर हाच कायदा कलम ३० मध्ये आपलं आपल्या इच्छेप्रमाणे देण्याचा पूर्ण अधिकार देतो.

द्यायचं कुणाला, हे माझं आधीच ठरलं होतं. वावर पुतण्याला. ते त्यांच्या घराण्यातून आलेलं, तोच पेरतो, तोच निंदतो. वावर एखाद्या संस्थेला द्यावं असा विचार एकदा मनात आला होता, पण वकिलांनी थांबवलं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळवहिवाट कायदा आहे आणि बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर त्यात बंधनं आहेत; संस्थेच्या गळ्यात वाद बांधू नका, म्हणाले. घर भाचीला. माझ्या मोतीबिंदूच्या दोन्ही ऑपरेशनांत ती अकोल्याहून येऊन राहिली होती. घरही संस्थेला देता आलं असतं, पण सार्वजनिक न्यासाला स्थावर मिळालं की त्याची नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागते, आणि पुढे विकायचं झालं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. खेड्यातलं मातीच्या भिंतीचं घर संस्थेला आधार होण्याऐवजी ओझंच झालं असतं.

उरल्या ठेवी. त्या दोन ठिकाणी द्यायच्या होत्या.

एक म्हणजे कुष्ठरोग्यांचं काम. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी पंचविशीतली. सर्वेक्षणात एक बाई सापडली, पायाला जखम, बोटं झडत चाललेली, घरच्यांनी गोठ्याशेजारी ठेवलेली. ती पुढे अमरावतीच्या तपोवनात, कुष्ठरोग्यांच्या आश्रमात गेली. दोन वर्षांनी मी तिला तिथे भेटायला गेले तर तिने पदरात बांधून ठेवलेले तुरीचे सोले माझ्या हातावर ठेवले, तिथल्याच वावरातले. मी ते तिच्यासमोरच खाल्ले. तिचा चेहरा मला आजही दिसतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभं केलेलं ते ठिकाण माझ्यासाठी तेव्हापासून देवळासारखं आहे.

दुसरं आमच्या गावचं वाचनालय. ड वर्गाचं, म्हणजे सरकारी यादीत सगळ्यात लहान दर्जाचं; एक खोली, चार कपाटं. रात्री तिथे सात-आठ मुली पोलीस भरतीचा आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास करतात. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात वाचतात. मी रोज संध्याकाळी पेपर वाचायला जाते तेव्हा पाहते.

पहिली चूक इथे झाली. माझ्या कच्च्या मसुद्यात मी "तपोवन" आणि "गावचं वाचनालय" एवढंच लिहिलं होतं. वकिलांनी दोन्ही खोडली. संस्थेचं नोंदलेलं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता पाहिजे. तपोवन हे ठिकाणाचं नाव. संस्था आहे विदर्भ महारोगी सेवा मंडळ. तसंच लोक "आनंदवनाला दिलं" म्हणतात, पण तिथली संस्था वरोऱ्याची महारोगी सेवा समिती आहे. बोलण्यात चालतं, मृत्युपत्रात नाही. नावात घोळ असला की संस्थेला "आम्हीच ते" हे सिद्ध करत बसावं लागतं. मी अमरावतीला जाऊन देणगी पावतीवरचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवून आणला. एसटीचं अर्धं तिकीट, एक दुपार, काम झालं.

वाचनालयाला मात्र चार महिने लागले.

पाटीवर एक नाव. शिक्क्यावर दुसरं. सचिव म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी, ऐंशीच्या घरातले. त्यांनी लोखंडी कपाटातून जुनं प्रमाणपत्र काढलं तर त्यावर तिसरंच, "सार्वजनिक" हा शब्द असलेलं आणि गावाच्या नावाचं जुनं लेखन असलेलं. गुरुजींना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "गुरुजी, आत्ता सापडलं हे चांगलं झालं." मग आम्ही दोघं मे महिन्याच्या उन्हात अमरावतीच्या धर्मादाय कार्यालयात गेलो आणि परिशिष्ट एकच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला. हा न्यासाचा सातबारा समजा: नाव, विश्वस्त, मालमत्ता सगळं त्यात. नक्कल जूनच्या शेवटी मिळाली. त्यात सात विश्वस्त होते. त्यांपैकी चार वारलेले. एक तर मी गावात सून म्हणून आले त्याच्याही आधी.

विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो कित्येक वर्षांत दिलेला नव्हता. आता प्रत्येक बदलासाठी अर्ज, मृत्यूचे दाखले, ठरावाच्या प्रती आणि उशिरासाठी विलंबमाफीचा अर्ज. गुरुजींनी ते सगळं करायला घेतलं. जुनी ठरावाची वही, हाताने लिहिलेली, घरोघर जाऊन गोळा केलेले दाखले. ऑगस्टमध्ये अर्ज दाखल झाले. मी वकिलांना विचारलं, अर्ज मंजूर व्हायच्या आधी मृत्युपत्र केलं तर चालेल का? ते म्हणाले, संस्था नोंदलेली आहे, तिच्या नावे दिलेलं टिकतं. पण पैसे हातात देण्याच्या वेळी सही करायला नोंदीवरचे विश्वस्त लागतील, म्हणून अर्ज मार्गी लागणं तिच्याच हिताचं. ज्यांना आपल्या गावच्या मंदिराला, वाचनालयाला, व्यायामशाळेला काही ठेवायचं असेल त्यांनी परिशिष्ट एक आधी पाहावं. गावोगावी हीच अवस्था असणार असं मला वाटतं, आणि यात कुणाची बेईमानी नसते. माणसं म्हातारी होतात, कपाटं बंद राहतात.

१४ सप्टेंबरला पोळा होता. बैलांची पूजा झाली, पुतण्या जेवायला माझ्याकडे होता. पुरणपोळी वाढली आणि मनाचा हिय्या करून सांगितलं. कागद करायच्या आधी घरच्यांशी बोलायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. वकीलही म्हणाले होते की गरज नाही. पण माझ्यामागे त्याला हे एखाद्या कचेरीत कळावं, हे मला सहन झालं नसतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, पैसा तुमचा. मी काय म्हनू?"

मी म्हटलं, "जे मनात आहे ते म्हण."

"लोकं म्हनतीन, पुतन्यानं काकूले पाह्यलं नाही, म्हनून तिनं पैसे बाहेर देल्ले."

मी तयारी केली होती ती त्याने पैसे मागण्याची, कर्जाचा विषय काढण्याची. त्याला लागलं होतं वेगळंच. मी म्हटलं, मृत्युपत्रातच लिहिते की तू मला मुलासारखा सांभाळतोस. तो हो म्हणाला, पण जेवण निम्मं टाकून उठला. दोन दिवस आला नाही. ते दोन दिवस माझे फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काकू, पोरगी नर्सिंगले जाईन म्हनते. तुमच्यासारखी. हे तुमाले सांगाले ते लाजतात."

मुलगी तेव्हा नववीत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी त्या रात्री मसुदा पुन्हा काढला. आधी ठेवींचे ६० टक्के वाचनालयाला आणि ४० टक्के मंडळाला होते. ते बदलून तिच्या शिक्षणाला ३० टक्के, वाचनालयाला ४०, मंडळाला ३० केले. काही लोक म्हणतील नातेवाइकांच्या भावनेपुढे दान कमी केलं. मला तसं वाटत नाही. ती मुलगीही त्याच खोलीत अभ्यासाला बसते.

रक्कम न लिहिता टक्के लिहिले त्याला कारण आहे. आज दोन लाख लिहिले आणि मी वीस वर्षं जगले तर त्या दोन लाखांना किंमत किती उरेल? आणि माझ्या आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या तर ठरलेली रक्कम देण्यात एकाचा वाटा पूर्ण आणि दुसऱ्याला काहीच नाही असं व्हायचं. म्हणून आधी माझ्या आजारपणाची देणी आणि अंत्यविधीचा खर्च, मग जे उरेल त्याचे टक्के. "यात न लिहिलेली जी काही मालमत्ता निघेल" तिच्यासाठीही एक ओळ आहे. आणि एखादी संस्था तेव्हा बंद पडलेली असली तर तिचा वाटा त्याच कामाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्यावा, ती व्यवस्थापकाने, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीने, निवडावी, अशीही.

वाचनालयाच्या वाट्यावर मी सुरुवातीला खूप अटी घातल्या होत्या. फक्त मुलींसाठी, फक्त पुस्तकांसाठी, इतके वाजेपर्यंत खोली उघडी हवी. वकिलांनी एकच विचारलं, "हे पाहायला तुम्ही असणार आहात का?" मी अटी काढल्या. "विद्यार्थ्यांच्या, विशेषतः मुलींच्या, अभ्यासाच्या सोयीसाठी वापरावा ही इच्छा" एवढंच ठेवलं.

देहदानाचं मी मृत्युपत्रात घातलं नाही. मृत्युपत्र बहुधा तेरवी झाल्यावर उघडतात. देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म वेगळा भरा आणि घरच्यांना तोंडी सांगा, कारण शेवटी फोन त्यांनाच करायचा असतो.

व्यवस्थापक म्हणून भाचीला नेमलं. ती नाही म्हणाली किंवा नसली तर पुतण्या. दोघांची संमती घेतली. व्यवस्थापक आपल्याहून बराच लहान असावा. साक्षीदारही तसेच. गुरुजी मोठ्या आनंदाने साक्षीदार व्हायला निघाले होते, त्यांना हात जोडून नाही म्हटलं. एक तर ते ऐंशीचे, आणि दुसरं म्हणजे ज्या संस्थेला मिळणार तिचे सचिव. लाभ मिळणाऱ्याने साक्ष न करणंच बरं, उद्या शंकेला जागा राहत नाही. साक्षीदार झाले गावातले तिशीतले शिक्षक आणि औषध दुकानवाला मुलगा. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ आली तर किमान एका साक्षीदाराने सांगावं लागतं, म्हणून सापडतील अशी माणसं घेतली. त्यांना आत काय लिहिलं ते सांगावं लागत नाही. मी त्यांच्यासमोर सही करायची, त्यांनी माझ्यासमोर, एवढं पाहिजे. भारतीय वारसा कायदा, १९२५ चं कलम ६३ हेच मागतं: करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. माझ्या मैत्रिणीच्या पानाला एवढंच कमी पडलं होतं.

मृत्युपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर चालतं. नोंदणीही सक्तीची नाही, आणि उशीर झाला म्हणून दंड नाही. मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, म्हणजे प्रोबेट, घेण्याची मुंबईत तेव्हा असलेली सक्ती आमच्याकडे लागू नव्हती. तरी मी नोंदणी केली. घरात नवऱ्याकडची आणि माहेरची अशी दोन्हीकडची माणसं आहेत, शिवाय वाटा बाहेर जातो आहे. नोंदलेल्या कागदावर कुणी सहज बोट ठेवत नाही. कुणाला काहीच उघड करायचं नसेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार. आदल्या दिवशी ओळखीच्या एमबीबीएस डॉक्टरांकडून मी शुद्धीत आणि सक्षम असल्याचं प्रमाणपत्र घेतलं, तीनशे रुपये. हे सक्तीचं नाही, पण साठीनंतर घ्यावंच असं मी म्हणेन. सकाळी साडेनऊला आम्ही चौघं ऑटोने निघालो. दस्ताची माहिती वकिलांच्या मुलाने आधीच ऑनलाइन भरली होती. तेव्हा नोंदणी फी १०० रुपये आणि हाताळणी शुल्क पानामागे २० रुपये होतं, माझ्या सात पानांचे १४०. वकिलांची फी तीन मसुदे धरून ३,५०० रुपये. झेरॉक्स, फोटो, नकला, येणंजाणं असं सगळं मिळून वर्षभरात मला सहा हजारांच्या आत खर्च आला.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात लग्नसराईसारखी गर्दी. आमचा नंबर दीडला लागला. साहेबांनी साक्षीदारांना जरा बाजूला थांबवून मला विचारलं, "आजी, हे स्वतःच्या मर्जीने करताय ना? कुणाचा दबाव?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी कागद वाचला का, सही तुमचीच ना, असं विचारलं. फोटो झाला. अंगठ्याला मात्र अडचण आली. माझा ठसा यंत्र घेईना. आयुष्यभर फिनेल, स्पिरिट, उकळत्या पाण्यातली भांडी. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोट पुसायला लावलं, पुन्हा, पुन्हा. सातव्यांदा आला. ज्यांची बोटं कामाने झिजली आहेत त्यांनी आदल्या रात्री खोबरेल लावून झोपावं. मला हे तिथे रांगेतल्या एका शेतकऱ्याने सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी विनंती केली तर अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात, हेही तिथेच कळलं.

पावणेतीनला स्कॅन झालेला मूळ कागद हातात आला. मृत्युपत्रांची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते आणि मी जिवंत असेपर्यंत तिची नक्कल मला किंवा मी अधिकार दिलेल्या माणसालाच मिळते. मी गेल्यावर मात्र कुणीही अर्ज करून घेऊ शकतं. माझी धास्ती याबद्दलच होती की गावात पानटपरीवर चर्चा होईल. ती गेली. बाहेर आल्यावर सगळ्यांना समोसे आणि चहा घेतला. शिक्षक म्हणाले, "सिस्टर, तुमचा चेहरा हलका झाला." झाला होता खरा.

मूळ कागद भाचीच्या लॉकरमध्ये आहे. एक झेरॉक्स माझ्या पत्र्याच्या पेटीत, वाटणीच्या कागदासोबत. कुठे काय आहे हे एका चिठ्ठीवर लिहून पुतण्याला दिलं. दोन्ही संस्थांना मी साधं पत्र पाठवलं की असं असं केलं आहे, आकडा न सांगता. मंडळाकडून पंधरा दिवसांत उत्तर आलं. वकिलांनी सांगितलंय, दर दोन-तीन वर्षांनी किंवा घरात काही मोठं घडलं की काढून वाचायचं. लहान बदल असेल तर पुरवणी, मोठा असेल तर नवीन मृत्युपत्र आणि त्यात "यापूर्वीचे रद्द" ही ओळ.

सगळं मरणानंतरसाठीच कशाला ठेवायचं, असंही मला या वर्षात वाटलं. म्हणून जानेवारीत वाचनालयाला एक बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन दिला, चेकने, रीतसर पावती घेऊन. परवा रात्री वीज गेली तेव्हा मी ओट्यावरून पाहिलं, खोलीत उजेड होता. गुरुजींच्या बदल अर्जांची पुढची तारीख मार्चमध्ये आहे. मी त्यांच्यासोबत जाणार आहे.